स्नायूच्या बलात टायटिनचा वाटा किती, आणि तो मोजायचा कसा

स्नायूचे बल कुठून येते या प्रश्नाचे पाठ्यपुस्तकातले उत्तर दोन प्रथिनांवर संपते, मायोसिन आणि ॲक्टिन. मायोसिनची डोकी ॲक्टिनला धरतात, ओढतात, एटीपी हे पेशीचे इंधन खर्चून सोडतात आणि पुन्हा धरतात. हे उत्तर चुकीचे नाही. पण स्नायू बल लावत असतानाच बाहेरून ताणला गेला की एवढ्यावर हिशेब जुळत नाही. हातात वजन धरून कोपर हळूहळू सरळ करताना, जिना उतरताना, उडी मारून पायांवर येताना स्नायूंचे नेमके हेच चाललेले असते. तिथे बल जास्त मिळते आणि एटीपी कमी लागते. ताणणे थांबवून स्नायू त्याच लांबीवर धरून ठेवला तरी बलातला काही जादा भाग टिकून राहतो. या जादा भागाच्या मागे टायटिन नावाचे लवचीक प्रथिन आहे, असे मानायला आज भक्कम आधार आहे.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. टायटिनला ‘शिथिल स्नायूतले रबर’ एवढेच समजणे जितके चूक, तितकेच कुठलेही जादा बल दिसले की ते टायटिनच्या खात्यावर मांडणेही चूक. त्याचा वाटा परिस्थितीप्रमाणे बदलतो, आणि तो वेगळा काढायचा तर मोजणी फार काळजीने करावी लागते.

आधी कोडे नीट मांडू. १९५४ साली दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले की आकुंचनात मायोसिनचे जाड आणि ॲक्टिनचे बारीक तंतू स्वतः आखडत नाहीत, ते एकमेकांवरून सरकतात. एका गटात अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडरगेर्के होते, दुसऱ्यात ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन. १९६६ साली गॉर्डन, हक्सली आणि जूलियन यांनी बेडकाच्या सुट्या स्नायुतंतूंवर मोजमापे केली. सार्कोमिअर, म्हणजे तंतूत ओळीने येणारा आकुंचनाचा सर्वांत लहान घटक, २.० ते २.२ मायक्रोमीटर लांब असताना बल सर्वाधिक भरले आणि ३.६५ मायक्रोमीटरला, म्हणजे जाड व बारीक तंतूंचा एकमेकांवर चढलेला भाग संपतो तिथे, शून्यावर आले. बल ठरते ते या चढलेल्या भागावरून, हे त्यातून पक्के झाले. पण त्याच्या चौदा वर्षे आधीच, १९५२ साली, ॲबट आणि ओबेर यांनी नोंदवून ठेवले होते की चेतवलेला, म्हणजे बल लावायला प्रवृत्त केलेला, स्नायू ताणून एका लांबीवर आणला, तर त्याच लांबीवर न ताणता चेतवलेल्या स्नायूपेक्षा तो जास्त बल देतो, आणि चेतना चालू असेपर्यंत देत राहतो. लांबी तीच, तंतू एकमेकांवर चढलेले तितकेच, आणि बले मात्र दोन. त्याच वर्षी ॲबट, बिगलँड आणि रिची यांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून जोडल्या. एक जण पेडल मारत होता आणि दुसरा त्याच पेडलांना विरोध करत होता. दोघांवरचे बल सारखे असूनही विरोध करणाऱ्याला ऑक्सिजन कितीतरी कमी लागला. बल लावत ताणले जाणे स्नायूला स्वस्त पडते, हे तेव्हापासून माहीत आहे.

स्प्रिंग कुठे आहे

झेड-डिस्क हे आडवे पडदे, आणि अशा दोन पडद्यांमधला भाग म्हणजे सार्कोमिअर. झेड-डिस्कमधून बारीक ॲक्टिन तंतू आत येतात. मधोमध एम-लाइनला जाड मायोसिन तंतू बांधलेले असतात. जाड तंतूची लांबी १.६ मायक्रोमीटर, आणि एका तंतूत सुमारे ३०० मायोसिन रेणू. तिसरा तंतू टायटिनचा. त्याचा एकच रेणू झेड-डिस्कपासून एम-लाइनपर्यंत जातो, म्हणजे अर्धा सार्कोमिअर एकटा पार करतो. माणसाच्या शरीरातले हे सर्वांत मोठे प्रथिन, तीस ते चाळीस लाख डाल्टन वस्तुमानाचे. जाड तंतूच्या प्रत्येक अर्ध्या भागाला सहा टायटिन येतात. ए-बँडमधला, म्हणजे जाड तंतूंच्या पट्ट्यातला, टायटिन मायोसिनला घट्ट चिकटलेला असल्याने ताणला जात नाही. स्प्रिंगचे काम फक्त आय-बँडमधला, म्हणजे झेड-डिस्क आणि जाड तंतूचे टोक यांमधला, तुकडा करतो, आणि पुढचा सगळा विषय या तुकड्याचाच आहे.

झेड-डिस्ककडून निघालो तर पहिले साधारण १०० नॅनोमीटर ॲक्टिनलाच बांधलेले असतात. त्यानंतर इम्युनोग्लोब्युलिन घड्यांची, म्हणजे साखळी गुंडाळून बनलेल्या गाठींची, लांब माळ, मग एन-टू-ए हा पट्टा, मग पीईव्हीके नावाचा बिनघडीचा सैल भाग, आणि शेवटी पुन्हा इम्युनोग्लोब्युलिन घड्यांची माळ. यापुढे त्यांना नुसते ‘घड्या’ म्हणतो. एक मिटलेली घडी सुमारे ४ नॅनोमीटरची असते, आणि उलगडली तर साखळीची लांबी तीसेक नॅनोमीटरने वाढते. स्नायू ताणताना आधी माळेतल्या वळ्या सरळ होतात. त्याला बल जवळपास लागतच नाही. मग पीईव्हीके ओढला जातो आणि बल चढू लागते. त्यानंतरही ताण वाढला तर एकेक घडी उलगडते. १९९७ साली तीन गटांनी टायटिनचे सुटे रेणू ओढून या घड्या उलगडताना पाहिल्या. अणुबल सूक्ष्मदर्शीने झटक्यात ओढल्यावर एका घडीला १५० ते ३०० पिकोन्यूटन लागले. हा आकडा स्नायूला जसाच्या तसा लावू नये. उलगडण्याचे बल ओढण्याच्या वेगावर अवलंबून असते, आणि स्नायूत एका टायटिनवर साधारण काही पिकोन्यूटनच येतात. तेवढ्यावरही घड्या उलगडतात आणि पुन्हा मिटतात, फक्त वेळ घेतात.

स्प्रिंग किती लांब हे टीटीएन या एकाच जनुकाच्या वेगवेगळ्या जोडणीतून ठरते. त्यात ३६४ एक्झॉन, म्हणजे प्रथिनाची कृती सांगणारे तुकडे, आहेत, आणि कुठले ठेवायचे, कुठले गाळायचे हे प्रत्येक स्नायूत वेगळे असते. माणसाच्या पोटरीतल्या सोलियस स्नायूत पीईव्हीके भाग २,१७४ अमिनो आम्लांचा आहे, हृदयाच्या आखूड प्रकारात केवळ १६३ चा. म्हणून एका स्नायूवर मोजलेला टायटिनचा ताठरपणा दुसऱ्याला लावता येत नाही. सशाचा सोआस हा प्रयोगशाळांचा लाडका स्नायू, आणि त्याचे टायटिन आखूड व ताठर असते. त्याचे आकडे सोलियसला लावले की गफलत झालीच.

कागदावरचा हिशेब

टायटिनचा थेट वाटा किती असू शकतो हे मोजपट्टी हातात न घेताही अंदाजता येते. मायोफायब्रिलच्या, म्हणजे स्नायुतंतूतल्या सार्कोमिअरांच्या बारीक दोरीच्या, काटछेदात एका चौरस मायक्रोमीटरमध्ये ढोबळमानाने ५०० जाड तंतू असतात. पूर्ण चेतवलेला स्नायुतंतू २५० किलोपास्कल ताण देतो असे धरा. म्हणजे चौरस मायक्रोमीटरला २५० नॅनोन्यूटन, आणि एका जाड तंतूला ५०० पिकोन्यूटन. आता सहा टायटिन, प्रत्येकावर ५ पिकोन्यूटन, मिळून ३०. म्हणजे सहा टक्के. प्रत्येकावर १० पिकोन्यूटन धरले तर बारा टक्के.

यावरून दोन गोष्टी कळतात. मध्यम लांबीवर, न ताणता केलेल्या आकुंचनात टायटिनचे थेट ओढणे किरकोळच राहणार, कारण तिथे स्प्रिंग जवळपास सैल असते. आणि ताणलेल्या, चेतवलेल्या स्नायूत चाळीस-पन्नास टक्के जादा बल टिकून दिसत असेल, तर शिथिल टायटिनचा ताठरपणा त्याला पुरणार नाही. एक तर टायटिन चेतनेत ताठर होत असला पाहिजे, किंवा ते बल दुसरीकडून येत असले पाहिजे.

थेट ओढण्यापेक्षा मला महत्त्वाचे वाटते ते त्याचे मध्य राखण्याचे काम. जाड तंतूच्या दोन्ही अर्ध्यांवरची डोकी विरुद्ध दिशांना ओढत असतात. एका बाजूची दोन-चार जास्त लागली की तंतू त्या बाजूला सरकतो, तिकडे चढलेला भाग वाढतो, ओढ आणखी वाढते, आणि तो झेड-डिस्ककडे वाहवत जातो. दोन्ही बाजूंचे टायटिन त्याला मागे खेचतात. होरोवित्स, पोडोल्स्की आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली किरणोत्साराने टायटिन तोडून पाहिले तेव्हा शिथिल ताण तर घटलाच, पण सक्रिय बलही घटले आणि ए-बँड जागेवरून हलले. अलीकडे उंदरांच्या टायटिनमध्ये कापण्याची जागा जनुकीय पद्धतीने बसवून, तीच जागा एका प्रथिनछेदकाने कापण्याची सोय झाली आहे. आजूबाजूची इतर प्रथिने शाबूत राहतात, म्हणून हा पुरावा किरणोत्सारापेक्षा कितीतरी स्वच्छ. त्यातही कापलेल्या तंतूंना चेतवले की ए-बँड विस्कटतात. म्हणजे मायोसिनच्या नावावर जमा होणारे बलसुद्धा टायटिन जागेवर असेल तरच पदरात पडते. टक्केवारीच्या हिशेबात हा वाटा दिसत नाही.

आणखी एक अप्रत्यक्ष मार्ग आहे. शिथिल स्नायूत बरीच मायोसिन डोकी जाड तंतूच्या पाठीला चिकटून झोपलेली असतात आणि एटीपी जवळपास खर्चत नाहीत. जाड तंतूवर ताण आला की ती उठतात, हे २०१५ साली बेडकाच्या तंतूंवर क्ष-किरणांनी दाखवले गेले. चेतना सुरू व्हायच्या आधी जाड तंतूवर ताण आणणारा दुवा म्हणजे टायटिनच. त्यामुळे लांबावलेल्या स्नायूत कमी कॅल्शियमवरही जास्त बल का मिळते याचे उत्तर काही अंशी इथे आहे.

चेतनेत स्प्रिंग बदलते

२०१० साली लेनर्ड आणि हर्झोग यांनी केलेला प्रयोग मला या विषयातला सर्वांत बोलका वाटतो. सशाच्या सोआसमधले सुटे मायोफायब्रिल त्यांनी दोन प्रकारे ताणले, शिथिल ठेवून आणि चेतवून. दोन्ही वेळा ताणत ताणत सार्कोमिअर ४ मायक्रोमीटरच्या पलीकडे नेले. तिथे जाड आणि बारीक तंतू एकमेकांना शिवतच नाहीत, त्यामुळे क्रॉस-ब्रिजचे, म्हणजे ॲक्टिनला धरलेल्या मायोसिन डोक्यांचे, बल शून्य धरावे लागते. तरीही चेतवून ताणलेल्यांचे बल शिथिल ताणलेल्यांच्या तीन ते चार पट भरले. क्रॉस-ब्रिज नसताना हे बल वाहून नेईल असे सार्कोमिअरमध्ये टायटिनशिवाय दुसरे काही उरत नाही.

हे घडते कसे? पहिला मार्ग कॅल्शियमचा. पीईव्हीकेमधल्या ग्लुटामेटने भरलेल्या पट्ट्यांना कॅल्शियम चिकटते आणि तो भाग ताठर होतो, हे २००३ साली लाबाइट आणि सहकाऱ्यांनी दाखवले. पण ही वाढ लहान आहे. नुसते कॅल्शियम देऊन आणि क्रॉस-ब्रिज औषधाने बंद ठेवून ताणले तर तीन-चार पट बल मिळत नाही. दुसरा मार्ग जास्त जोरकस: कॅल्शियम आले की एन-टू-ए पट्टा ॲक्टिनला चिकटतो आणि स्प्रिंगची मोकळी लांबीच कमी होते. इलॅस्टिकची पट्टी मधोमध चिमटीत धरून एकच टोक ओढले तर तेवढ्याच ओढीला ती किती लवकर ताठते, तसे हे आहे.

आकड्यांत बघू. सार्कोमिअर २.४ मायक्रोमीटर, म्हणजे अर्धा १.२. त्यातून जाड तंतूचे ०.८ आणि झेड-डिस्कजवळ बांधलेले ०.१ वजा केले की मोकळी स्प्रिंग ०.३ मायक्रोमीटर. सार्कोमिअर ३.० पर्यंत ताणला तर हीच स्प्रिंग ०.६ होते, दुप्पट. आता समजा चेतनेच्या क्षणी एन-टू-ए स्प्रिंगच्या बरोबर मध्यावर ॲक्टिनला चिकटला. मग ताणाचे सगळे ०.३ मायक्रोमीटर उरलेल्या ०.१५ वर येतात, आणि तो भाग ०.४५ होतो, तिप्पट. स्प्रिंगचे बल लांबीबरोबर सरळ रेषेत चढत नाही, शेवटाकडे उसळी घेते. त्यामुळे दुप्पट आणि तिप्पट यांतला फरक बलात खूप मोठा होतो. मध्य मी सोयीसाठी धरला आहे. खरी जागा चेतनेच्या वेळच्या लांबीवर अवलंबून राहील. म्हणूनच स्नायू कुठल्या लांबीवर चेतवला आणि तिथून किती ताणला, या दोन्ही नोंदी प्रत्येक निकालासोबत लागतात. फक्त शेवटची लांबी दिलेला निकाल माझ्या लेखी अर्धाच.

या कल्पनेला आधार देणारा प्राणी म्हणजे एमडीएम उंदीर. त्याच्या टायटिनमधून एन-टू-ए आणि पीईव्हीकेच्या सांध्यावरची ८३ अमिनो आम्ले गळालेली असतात. त्याच्या स्नायूत ताणल्यानंतर उरणारे जादा बल फार कमी असते, आणि चेतनेत टायटिन ताठर होण्याची खूणही जवळजवळ दिसत नाही. मात्र हा उंदीर मुळातच आजारी असतो, त्याच्या स्नायूंची झीज झालेली असते. त्यामुळे एकट्या या पुराव्यावर विसंबू नये.

विरोधी बाजूही दमदार आहे. ताणताना सगळे सार्कोमिअर सारखे लांबत नाहीत. दुबळे झपाट्याने लांबतात, दणकट आखूड राहून जास्त बल देतात, आणि सरासरी लांबी पाहणाऱ्याला वाटते की जादा बल नवीन कुठून तरी आले. मॉर्गन यांनी १९९० मध्ये मांडलेले हे स्पष्टीकरण बऱ्याच वर्षांत कोणाला बाजूला सारता आले नाही. त्याला तडा गेला तो एकाच सुट्या सार्कोमिअरवर प्रयोग झाला तेव्हा. शेजारी सार्कोमिअरच नाहीत, तरी ताणल्यानंतरचे जादा बल मिळाले. असमान लांबणे घडतेच, त्याने निकाल बिघडतातही. पण सगळे जादा बल त्यातून येत नाही.

मोजताना

कातडी काढलेल्या, म्हणजे बाहेरचे पटल विरघळवलेल्या तंतूवर काम करायचे तर पहिला शत्रू टायटिनचे तुटणे. कॅल्शियम मिळाले की स्नायूतलीच कॅल्पेन विकरे त्याला कापतात. म्हणून काढलेला स्नायू लगेच ईजीटीए हे कॅल्शियम बांधून ठेवणारे रसायन असलेल्या थंड शिथिलक द्रावणात जावा, सोबत ल्युपेप्टिन आणि ई-६४ सारखे प्रतिबंधक असावेत. पटल विरघळवायला १ टक्का ट्रायटन एक्स-१०० हे डिटर्जंट, ४ अंश सेल्सियसला. साठवण ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये, उणे २० अंशांवर. पटल गेले की तंतू रुंदीला वीसेक टक्के फुगतो. ताण काढताना फुगलेला काटछेद वापरला की किलोपास्कल कमी येतात, आणि दुसऱ्या कोणाच्या आकड्यांशी तुलना करायला बसलो की घोळ होतो.

सार्कोमिअरची लांबी लेसरने मोजतात. हीलियम-निऑन लेसरची तरंगलांबी ०.६३२८ मायक्रोमीटर. तिला सार्कोमिअरच्या लांबीने भागले की पहिल्या रेषेच्या कोनाची ज्या (साइन) मिळते. २.४ मायक्रोमीटरला कोन सुमारे १५.३ अंश, ३.० ला १२.२ अंश. पडदा १०० मिलिमीटरवर असेल तर रेषा मध्यापासून अनुक्रमे २७.३ आणि २१.६ मिलिमीटरवर पडतात. पडद्यावर एक मिलिमीटर चुकला तर लांबीत जवळपास ०.१ मायक्रोमीटरची चूक होते, आणि ताठर टायटिनच्या चढावर एवढी चूक खूप होते. रेषा फिसकटून रुंद दिसू लागली तर सार्कोमिअर असमान झाले आहेत. तो तंतू काढून टाका. टोकांच्या क्लिपांपाशी तंतू आधी फाटतो, म्हणून लेसर नेहमी मधल्या भागावर ठेवा.

शिथिल ताण मोजताना तंतू पीसीए ९ च्या, म्हणजे कॅल्शियम जवळपास नसलेल्या, द्रावणात ठेवून पायरीपायरीने ताणतात, आणि प्रत्येक पायरीवर निदान दीड-दोन मिनिटे थांबतात. ताणल्याबरोबरचा आकडा आणि थांबल्यानंतरचा आकडा यांत बराच फरक पडतो, कारण घड्या सावकाश उलगडत बल सैल होत जाते. त्याच तंतूला दुसऱ्यांदा लगेच ताणले तर बल कमी येते. उलगडलेल्या घड्या मिटायला वेळ लागतो, तो द्यावाच लागतो. क्रॉस-ब्रिज बंद करायला ब्लेबिस्टाटिन वापरत असाल तर ते निळ्या प्रकाशात निकामी होते, हे लक्षात ठेवून सूक्ष्मदर्शीच्या दिव्याला लाल गाळणी लावा.

टायटिनचा वाटा वेगळा काढायची नेहमीची रीत अशी. आधी पूर्ण शिथिल ताण मोजायचा. मग ०.६ मोलर पोटॅशियम क्लोराइडने जाड तंतू आणि १ मोलर पोटॅशियम आयोडाइडने बारीक तंतू विरघळवायचे, आणि पुन्हा तेवढेच ताणायचे. उरलेला ताण पेशीबाह्य जाळ्याचा आणि पेशीच्या सांगाड्यातल्या मध्यम तंतूंचा, आणि वजाबाकी टायटिनची. यात एक भोक आहे. या क्षारांनी टायटिन धुऊन जात नाही, त्याचे खुंटे उखडतात. म्हणजे त्या खुंट्यांवर टेकलेले जे काही असेल ते सगळे टायटिनच्या नावे जमा होते. सुट्या तंतूत हा फरक लहान असतो. पण तंतूंच्या जुडीत किंवा अख्ख्या स्नायूत कोलॅजेनचे जाळे शिथिल ताणाचा मोठा भाग उचलते, आणि तिथे ‘स्नायू ताठर म्हणजे टायटिन ताठर’ हे समीकरण कोसळते.

टायटिन शाबूत आहे का, हे प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर पाहिल्याशिवाय कुठल्याही निकालावर विश्वास ठेवू नये. नेहमीच्या पॉलिॲक्रिलामाइड जेलमध्ये तो शिरतच नाही, वरच्या तोंडाशी अडकतो. १९७०च्या दशकात मारुयामा आणि कुआन वँग यांनी पाठपुरावा करेपर्यंत तो नजरेआड राहिला, त्यामागे हेही कारण आहे. त्याला १ टक्का ॲगरोजचे उभे जेल लागते. ऊतक द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून पूड करायची, ८ मोलर युरिया आणि २ मोलर थायोयुरिया असलेल्या एसडीएस (डिटर्जंट) द्रावणात विरघळवायची, आणि ६० अंशांवर दहा मिनिटे ठेवायची. उकळायचे नाही, कारण गरम युरिया प्रथिनावर रासायनिक खुणा सोडतो आणि टायटिन तुटतोही. पिपेटचे टोक कापून रुंद करा, जोरात ओढ-सोड करू नका, एवढा लांब रेणू घर्षणानेही तुटतो. जेलवर टी-वन ही अखंड टायटिनची पट्टी आणि तिच्याखाली टी-टू ही तुटलेल्याची. टी-टू ठळक दिसली तर त्या नमुन्याचा ताठरपणा मोजण्यात अर्थ नाही.

ताणल्यानंतरचे जादा बल मोजताना क्रम महत्त्वाचा. आधी शेवटच्या लांबीवर न ताणता चेतवा, ही तुलनेची पातळी. पुरेशी विश्रांती द्या. मग आखूड लांबीवर चेतवा, बल स्थिरावल्यावर शेवटच्या लांबीपर्यंत ताणा आणि धरून ठेवा. शेवटी पहिली पायरी पुन्हा करा. ती पहिल्यापेक्षा कमी आली असेल तर स्नायू थकलेला किंवा फाटलेला आहे, आणि मधला आकडा निरुपयोगी. तुलना करायची ती ताण संपल्यावर काही सेकंदांनी, बल सपाट झाल्यावर. ताणतानाचे शिखर बल, जे सुट्या तंतूत समलांबी बलाच्या, म्हणजे लांबी न बदलता दिलेल्या बलाच्या, दीड ते पावणेदोन पट जाते, त्यात क्रॉस-ब्रिजच स्वतः ताणले गेल्याचा वाटा मोठा असतो. शिखराचा आकडा टायटिनच्या नावावर खपवणे ही या क्षेत्रातली सर्वांत सररास दिसणारी चूक आहे. चेतना बंद केल्यावरही शिथिल ताण काही काळ नेहमीपेक्षा वर राहतो, त्याची नोंद जरूर ठेवा. क्रॉस-ब्रिज सुटल्यानंतरही टिकणारा तो भाग टायटिनकडे बोट दाखवणारा बराच स्वच्छ पुरावा आहे.

माणसावर हाच प्रयोग डायनमोमीटरवर, म्हणजे सांधा फिरवून त्याचा जोर मोजणाऱ्या यंत्रावर, होतो, आणि तिथे सांधा फिरला म्हणजे स्नायू ताणला गेला असे गृहीत धरता येत नाही. आकुंचनात कंडराही, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरीही, लांबते. घोटा दहा अंश फिरवला तरी पोटरीतल्या तंतुजुड्या त्या मानाने कमी लांबतात, कधी अजिबात लांबत नाहीत. त्यामुळे अल्ट्रासाउंडने जुड्यांची लांबी सोबत पाहिली नाही तर जादा बल ‘मिळाले नाही’ हा निष्कर्षही पोकळ ठरतो. स्वेच्छेने जोर लावताना मज्जासंस्था ताणाच्या वेळी चेतना थोडी आवरते, म्हणून माणसात ताणतानाचे बल सुट्या तंतूइतके चढत नाही. विजेच्या चेतनेने हा अडसर काही प्रमाणात दूर होतो. स्वेच्छेनेच काम करायचे असेल तर स्नायूचे विद्युतआलेखन दोन्ही आकुंचनांत सारखे आहे याची खात्री करावी लागते. डायनमोमीटरचा अक्ष आणि सांध्याचा अक्ष जोर लावताना सरकतात, टाच पट्टीवरून उचलली जाते, आणि काही अंशांचा हा फरक लांबी-बल आलेखाच्या उतारावर सहज दहा टक्के बलाची नक्कल करतो. शोधायचे जादा बलही बहुतेक वेळा तेवढ्याच घरात असते. त्यामुळे टाच बांधणे, अक्ष भाराखाली जुळवणे आणि तुलनेचे आकुंचन आधी व नंतर दोन्ही वेळा घेणे, यांतले एक जरी राहिले तरी त्या दिवसाची मोजणी बाजूला ठेवावी.